वीप होलमधून गळणारा वॉटर पंप आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कारच्या वॉटर पंपाचे सील निकामी झाल्याबद्दल आणि 'घरी बसवला' या कारणावरून क्लेम नाकारल्याबद्दल तक्रार

महोदय,

तुमच्या वेबसाइटवरून मी माझ्या डिझेल कारसाठी वॉटर पंप मागवला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बसवला. थोडे महिने नीट चालला, मग वीप होलमधून, म्हणजे पंपाच्या बॉडीला मुद्दाम ठेवलेल्या बारीक भोकातून, गळायला लागला. वॉरंटी बारा महिन्यांची आहे. क्लेम टाकल्यावर एका ओळीत उत्तर आले, 'पार्ट अधिकृत वर्कशॉपमध्ये बसवलेला नसल्याने क्लेम नामंजूर.' पंप नेमका कुठून गळतो आहे, हे विचारण्याची तसदी कुणी घेतली नाही. माझी तक्रार मुख्यतः त्याबद्दल आहे.

पंप इंजिनच्या ब्लॉकला जिथे टेकतो, तिथल्या गॅस्केटमधून, म्हणजे सांध्यातल्या पातळ पट्टीतून, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) येत असेल तर दोष बसवणाऱ्याचा. तसे असते तर मी गुपचूप नवे गॅस्केट आणून टाकले असते. पण तिथे कागद फिरवला तरी तो कोरडा निघतो. कूलंट येते ते पुलीच्या मागे, पंपाच्या बॉडीला खालून असलेल्या त्या वीप होलमधून. ते भोक कूलंट अडवणारे सील आणि शाफ्ट धरणारे बेअरिंग यांच्या मधल्या जागेत उघडते. सील खराब झाले की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावे, एवढ्यासाठीच ते ठेवलेले असते. सील, बेअरिंग, शाफ्ट आणि इम्पेलर हे सगळे तुमच्या कारखान्यातून प्रेस होऊनच येते. माझा पाना तिथवर पोचतच नाही.

नवा पंप पहिल्या काही तासांत किंचित पाझरतो, सीलची तोंडे एकमेकांवर बसली की थांबतो, हे मला ठाऊक आहे. मी सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, पंपांची सील बदलणे हे माझे रोजचे काम. इथे उलट झाले. आधी पंप कोरडा होता, मग भोकाखाली वाळलेल्या कूलंटची गुलाबी खपली धरू लागली, आणि आता इंजिन गरम असताना त्या खपलीच्या टोकाला थेंब जमतो आणि बेल्टवर पडतो. बेल्ट काढून पुली बोटांनी हलवली तर खट्-खट् असा खेळ लागतो. काढलेला जुना पंप कित्येक वर्षे चाललेला, त्याचे बेअरिंग अजून घट्ट आहे.

तुमचे तंत्रज्ञ पुढे काय म्हणतील याचा अंदाज आहे, म्हणून आधीच सांगतो. बेल्ट जास्त ताणला म्हणाल, तर या इंजिनाला स्प्रिंगचा ऑटोमॅटिक टेन्शनर आहे, ताण माझ्या हातात नाही. पंप कोरडा फिरवला म्हणाल, तर कूलंट भरून, हवा काढून मगच इंजिन चालू केले. बोअरचे पाणी घातले म्हणाल, तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेले तयार मिश्रणाचे कूलंट घातले, त्याचे बिल सोबत आहे. ब्लॉकचे तोंड प्लास्टिकच्या पट्टीने साफ केले आणि बोल्ट टॉर्क रेंचने आवळले, तेही तुमच्याच पत्रकात छापलेल्या आकड्याप्रमाणे. बसवणाऱ्यासाठी चित्रांसकट पत्रक बॉक्समध्ये घालायचे, वेबसाइटवर 'सोपे फिटिंग' असे मिरवायचे आणि क्लेम आला की वर्कशॉपचा शिक्का मागायचा, हे कुठले धोरण? ही अट वस्तू विकत घेण्याआधी कुठेही दिसत नाही.

तुमच्या क्लेम फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे, 'पार्टचा पाण्याशी किंवा द्रवाशी संपर्क आला होता का?' वॉटर पंपासाठी याचे उत्तर काय लिहावे, हे कृपया कळवा. मी 'हो' लिहिले आहे.

या गळतीने फक्त पैशाचे नुकसान झालेले नाही. मुंबईहून येताना कसारा घाटात तापमानाचा काटा वर सरकू लागला. इंजिनची उष्णता कमी व्हावी म्हणून एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला, मागे आई बसलेली, बाहेर दुपारचे ऊन. गाडी कडेला घेऊन बराच वेळ थांबावे लागले. इंजिन पुरते तापले असते तर हेड गॅस्केट गेले असते, आणि त्या खर्चापुढे तुमच्या पंपाची किंमत किरकोळ आहे. दुसरे म्हणजे, कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. आमच्या पार्किंगमध्ये कुत्री असतात. रोज गाडीखाली ट्रे ठेवून तो उचलण्याचे काम मला लागले आहे.

ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझ्या तक्रारीच्या पहिल्या ईमेलला आजवर पोचही मिळालेली नाही. वॉरंटी कार्डावर वाद तुमच्या शहरातल्या न्यायालयातच चालेल असे छापले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 34 नुसार मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे नाशिकलाच, तक्रार करू शकतो, आणि एवढ्या छोट्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही.

पंपाचे पूर्ण पैसे आणि वाया गेलेल्या कूलंटची किंमत परत हवी. बदली पंप नको, त्याच बॅचचा दुसरा पंप बसवण्यासाठी पुन्हा गाडीखाली झोपायची माझी तयारी नाही. तुमचा माणूस पाहायला येणार असेल तर रविवारी सकाळी यावे, माझी सुट्टी असते. तोवर पंप गाडीवरून काढणार नाही आणि खपली पुसणार नाही. तो कुरिअरने मागवू नका. गळती कुठून आहे हे माझ्यासमोर पाहा, लेखी नोंद करा आणि मग घेऊन जा.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवून पुढे जिल्हा आयोगाकडे जाईन.

आपला ग्राहक,
पाथर्डी फाटा, नाशिक

सोबत : पंपाचे व कूलंटचे बिल, वॉरंटी कार्ड, वीप होलचे फोटो, क्लेम नाकारल्याचा ईमेल