पुढची खोली दिली आहे, त्याबद्दल

सोलापूर

प्रिय आई आणि पप्पा,

प्रभूच्या नावाने सलाम.

दादाने फोनवर अर्धं सांगितलंच असेल, आणि त्याच्या सांगण्यात ते जरा जास्तच कठोर वाटलं असेल. म्हणून सगळं नीट लिहिते. घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही आणि मी तुमच्याकडे पुण्याला यायचं नाही, असं ठरलं आहे. ठरलं म्हणजे मी ठरवलं. तिकडच्या नोकरीला नकार कळवून झाला, इथली चालूच आहे. पुढची खोली आपल्या चर्चच्या महिला मंडळाला दिली आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना लागणारं सामान तिथे राहील: व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड, सलाईनचा स्टँड. ज्याला गरज त्याने न्यायचं, गरज संपली की परत आणायचं. भाडं नाही.

मागच्या खोल्या जशाच्या तशा आहेत. आई, तुझ्या कपाटाला कुणाचा हात लागलेला नाही, किल्ली माझ्याच कमरेला असते. पप्पांची खाट खिडकीपाशीच आहे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत थंडी बरी असते, तेव्हा दोघं या आणि हवं तितकं राहा. मोरीत धरायला दांडी बसवून घेतली आहे, भिंतीत खिळा ठोकून नव्हे, बोल्टने.

पप्पा, हे वाचता वाचता तुम्ही मार्क सातवा अध्याय उघडणार, मला माहीत आहे. आई-बापाचा वाटा देवाला वाहिला म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभूने कसं सुनावलं ते. आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रातला पाचवा अध्याय, आठवं वचन, आपल्या घरच्यांची काळजी न घेणाऱ्याबद्दलचं. मी ती दोन्ही वाचूनच बसले आहे. पण तुमच्याजवळ दादा आहे, वहिनी आहे, लिफ्ट आहे, खाली औषधांचं दुकान आहे. महिन्याचे पैसे नेहमीच्या तारखेला येतील, सुट्टीला मी येईन. या सामानाला माझ्या दशांशातून, म्हणजे कमाईतला दहावा हिस्सा देवासाठी काढते त्यातून, आणि मंडळाच्या आभारदानातून खर्च होतो, तुमच्या वाट्याला हात लागत नाही. इकडे विडी वळून पाठ मोडलेल्या, लूमवर आयुष्य काढलेल्या कितीतरी जणांची मुलं तुमच्या त्या पुण्यातच कामाला आहेत. त्यांच्यापाशी दुपारी पाणी द्यायला कुणी नसतं. आजीच्या शेवटच्या वर्षात आपण तिघं होतो म्हणून निभावलं, ते आई विसरणार नाही.

शेजारी काय म्हणतील हा आईचा प्रश्न, तोही रास्त आहे. चर्चची बाई दारात आली की लोकांच्या मनात काय येतं ते मी सांगायला नको. म्हणून पाळकसाहेबांसमोर नियम ठरवून घेतले: पत्रकं न्यायची नाहीत, घरच्यांनी आपणहून म्हटल्याशिवाय प्रार्थना करायची नाही, एकटीने जायचं नाही, बाईच्या अंगाचं काम बाईनेच करायचं, पासबुक-एटीएम-दागिने यांना हात लावायचा नाही आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय एक गोळीही द्यायची नाही. काही जणींना पहिले दोन नियम पटले नाहीत. मला मात्र ते सेवेचाच भाग वाटतात. लंगोट बदलून घेणारा माणूस आधीच लाचार झालेला असतो, त्याच्यासमोर आणखी एक अट मांडायची नसते.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात भाकरीच्या वाटपावरून तक्रार झाली, ती ग्रीक बोलणाऱ्या विधवांची. रोजच्या वाटपात त्यांना वगळलं जात होतं. मग सात जण नेमले गेले, आणि सातही नावं ग्रीक आहेत. पप्पा, हे तुम्ही संडेस्कूलमध्ये कधी सांगितलं नाहीत, नावं मात्र पाठ करून घेतलीत! इथल्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत, मी मराठीत बोलत बसले तर म्हातारी मान डोलावते आणि दुखतं कुठे ते सांगतच नाही. म्हणून पूर्व भागात जाणाऱ्या जोडीत एक तरी तेलुगू बोलणारी हवीच, असा आग्रह धरला आहे. आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात तो वाटेत पडलेल्या जखमी माणसावर तेल-द्राक्षारस ओतून, त्याला उतारशाळेत पोचवून, दोन दिनार देऊन पुढे निघून जातो. रात्रंदिवस सांभाळतो तो उतारशाळेचा मालक, त्याच्यावर प्रवचन कधी ऐकलं नाही. आम्ही करतो ते त्याचं काम.

"एवढं काम तू एकटी कशी करणार?" एकटी नाही करत. शिवाय याला डॉक्टर लागत नाही, शिकलेले हात लागतात. आरोळे डॉक्टरांचं जामखेड तुम्हीच आम्हाला सांगायचात. नगर जिल्ह्यातलाच माणूस, वेल्लोरला शिकला, अमेरिकेला जाऊन आला आणि १९७० मध्ये पत्नी मेबल यांच्यासह जामखेडला काम सुरू केलं. गावातल्या अक्षरओळख नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. १९७९ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या बायका तर दहावी झालेल्या आहेत.

आणि शिकवायचं ते तरी काय? बहुतेक वेळा बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमा. माकडहाड, टाचा आणि खुब्याची हाडं, इथे वजन एकाच जागी राहिलं की रक्त पोचत नाही आणि कातडी आतून मरते. दर दोन तासांनी कूस बदलायची, पण अगदी पूर्ण कुशीवर झोपवायचं नाही, नाहीतर सगळं वजन खुब्यावर येतं. पाठीमागे उशी देऊन अर्धवट, साधारण ३० अंश कलतं ठेवायचं. टाचांखाली उशी ठेवतात ते चूक, पोटरीखाली ठेवायची म्हणजे टाच अधांतरी राहते. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, हात लावून बघावं लागतं: गरम लागतं का, कडक झालंय का. तिथे तेल चोळायचं नाही. प्रेमाने चोळतात आणि आतली मेलेली कातडी सुटते. भोकाची रिंग उशीही नको, कडेने दाब पडून मधलं रक्त आणखी अडतं.

वर सरकवताना बगलेत हात घालून ओढलं की कातडी घासून फाटते. त्यापेक्षा जुनी सोलापुरी चादर चौघडी घालून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घालायची, दोघींनी दोन बाजूंनी मुठीत धरायची आणि उचलून सरकवायचं. यासाठी एवढी मजबूत चादर दुसरी मिळणार नाही, आणि प्रत्येक घरात एक तरी असतेच. भरवताना पूर्ण बसवायचं, घास गिळून झाल्यावर अर्धा तास तसंच ठेवायचं, मग खाली. तासन्‌तास टेकून बसवलं तर माणूस घसरत राहतो आणि माकडहाडाची कातडी जाते. पत्र्याच्या घरात मे महिन्यात रबरी शीटवर नुसतं झोपवलं की घाम साचतो. वर जुन्या सुती लुगड्याचा पट्टा हवाच, आणि नळाला रोज पाणी येत नाही म्हणून असे पट्टे भरपूर हवेत, सारखी अख्खी चादर धुणं परवडत नाही.

एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायला नको, असा समज सगळ्यात नडतो. लाइट गेली की हवा उतरते आणि माणूस थेट फळीवर येतो. म्हणून तो नेहमी साध्या गादीवर घालायचा आणि कमरेखाली तळहात सरकवून बघायचं. मध्ये इंचभर तरी हवा हवी. मोटरची नळी खाटेच्या पायात चेंगरलेली असते, तेही आधी तपासायचं.

सामानाचीही तऱ्हा असते. व्हीलचेअरचा ब्रेक टायरवर दाबून बसतो, त्यामुळे हवा कमी झाली की ब्रेक लावूनही खुर्ची सरकते. लोक ब्रेक बिघडला म्हणून परत आणतात, पंप मारला की ठीक होते. वॉकरचे रबरी बूच झिजले की फरशीवर घसरतो. परत आलेलं सामान आधी साबणाने धुवायचं, कारण घाणीवर ब्लीच काम करत नाही. मग ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट, म्हणजे तेच ब्लीच, एक भाग, पाणी नऊ भाग, रोज ताजं करायचं, दहा मिनिटं ठेवून साध्या पाण्याने पुसायचं, नाहीतर लोखंड गंजतं. संडासच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. रबरी वस्तू सावलीत वाळवायच्या, आपलं ऊन त्यांना चिरा पाडतं.

परत न येणं ही मोठी अडचण. घरात माणूस गेलं की खुर्ची कोपऱ्यात पडून राहते आणि घरच्यांना आणून द्यायला अवघडल्यासारखं होतं. मंडळाने मोठं डिपॉझिट ठेवू या म्हटलं. मी अडवलं, कारण ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्यालाच खुर्ची लागते. आता शेजारच्या एकाची सही घेतो, आणि दिवस झाल्यावर आम्हीच भेटायला जाऊन येताना सामान घेऊन येतो.

आता तुमचं. पप्पा, काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात धरायची. दुखऱ्याच बाजूला धरता, वहिनीने सांगितलं मला. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. मधुमेह आहे म्हणून पावलं रोज रात्री बघायची, तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. अनवाणी फिरायचं नाही, गरम पाण्याची पिशवी पायाला लावायची नाही, आंघोळीचं पाणी कोपराने तपासायचं. इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्यायचं, फ्रीजच्या दारात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको. घाम फुटून हात थरथरले तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा मोजायची. आई, ते शुद्धीत नसतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, उचलून दवाखान्यात न्यायचं. मी रागावून सांगत नाही आहे. तुम्ही दोघं माझ्यापासून लांब आहात म्हणून आवाज चढतो.

आई, तू मला आजारपणात कुशीत घेऊन कपाळावर ओला फडका ठेवायचीस, माझा हात तुझ्या पदरात गुंडाळलेला असायचा. कधीकधी अजून तसंच झोपावंसं वाटतं. पण तू गुडघ्यावर बसून फरशी पुसतेस हे कळलंय मला, ते आजपासून बंद. लांब दांड्याचा मॉप वहिनीला आणायला सांगितला आहे.

तिकडच्या मराठी चर्चची चौकशी दादाने केली आहे. प्रभुभोजनाच्या रविवारी तरी रिक्षाने जा, चालत नको. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी दादाच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवते आहे. पप्पांनी चटणी बेताने खायची, मीठ आहे तिच्यात.

मनात काही राहिलं असेल तर दादाला सांगू नका, मला सांगा. रागवायचं असेल तरी मलाच.

तुमची,
बेबी

ता. क. पप्पांच्या दोन्ही तळव्यांचा फोटो रविवारी संध्याकाळी वहिनीच्या फोनवरून पाठवा. बोटांच्या मधली जागा दिसली पाहिजे, आणि तिथे क्रीम लावू नका.