चिठ्ठ्या घ्या, पण उत्तरही द्या

महोदय,

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. ५ सप्टेंबरपर्यंत मुलांना आपले शिक्षक दोन महिने पाहून झालेले असतात आणि सत्र परीक्षा अजून लांब असते. शिक्षक दिनाची शुभेच्छापत्रे घेतली जातात, त्याच आठवड्यात शिकवण्याबद्दल मुलांच्या अभिप्रायाच्या निनावी चिठ्ठ्याही घ्याव्यात. वर्षाअखेरीस घेतलेल्या अभिप्रायाचा त्या मुलांना काहीच उपयोग नसतो. घटक चाचणीचे पेपर वाटल्या दिवशी घेतला, तर गुणांचा राग चिठ्ठीवर निघतो.

४८ मुलांच्या वर्गाला ए-फोरचे १२ कागद पुरतात. एकाचे चार तुकडे. 'सर कसे शिकवतात?' हा प्रश्न नको, त्याला 'छान' हेच उत्तर येते. ज्यावर उद्या काही करता येईल असेच विचारावे. फळ्यावरचे उतरवून घ्यायला वेळ मिळतो का? पंख्याच्या घरघरीत शेवटच्या बाकावर ऐकू येते का? उत्तर चुकले की वर्ग हसतो का? न समजलेले पुन्हा विचारायची भीती वाटते का? उत्तराला नेहमी, बरेचदा, क्वचित, कधीच नाही असे चारच पर्याय द्यावेत. पाच दिले की मुले मधल्यावर खूण करून मोकळी होतात.

नाव लिहू नका म्हटले तरी सर अक्षर ओळखतात, हे मुलांना पक्के ठाऊक असते. म्हणून खुणांवर भर द्यावा, खालची मोकळी ओळ ऐच्छिक ठेवावी, सगळ्यांनी पेन्सिलच वापरावी. चिठ्ठ्या घडी घालून खोक्यात पडाव्यात. मॉनिटरने गोळा केल्या की तो वाचणारच. आणि 'मॅडम लवकर लवकर शिकवून राहिल्या' असे कुणी लिहिले, तर लाल पेन उचलू नये. त्यासाठी निबंधाची वही आहे.

आधी खुणा मोजाव्यात, ओळी नंतर वाचाव्यात. नाहीतर एक बोचरी चिठ्ठी रात्रभर डोक्यात राहते आणि बाकीच्या ४७ विसरल्या जातात. आठवड्याच्या आत वर्गाला सांगावे: कितींनी काय म्हटले, उद्यापासून काय बदलेल, काय बदलता येणार नाही आणि का. इथेच बहुतेक प्रयत्न फसतात. उत्तर मिळाले नाही की पुढच्या खेपेला चिठ्ठ्या कोऱ्या येतात. दिवाळीच्या सुट्टीआधी तेच प्रश्न पुन्हा विचारले, तर फरक पडला का ते कळते.

मारहाण वा छळ लिहून आला, तर तो अभिप्राय नव्हे, तक्रार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई आहे. लैंगिक स्वरूपाची बाब पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावीच लागते. अशा चिठ्ठीवर गप्प बसता येणार नाही, हे मुलांना आधीच सांगावे.

मुख्याध्यापकांना एकच विनंती. या चिठ्ठ्या शिक्षकाच्या कामाच्या गोपनीय अहवालाला जोडू नयेत, त्या शिक्षकापाशीच राहू द्याव्यात. नाहीतर चिठ्ठ्यांच्या आदल्या दिवशी वर्गात चॉकलेटे वाटली जातील.

– काही शिक्षक, नागपूर