गाडी तुझ्या नावावर करण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस की आपली ही कॅटरहॅम विकून, वर थोडं कर्ज काढून त्याच कंपनीची जास्त ताकदीची ४२०आर घेतली तर कसं. मी तेव्हा काहीच बोललो नाही, त्यामुळे तुला वाटलं असेल की बाबाला राग आला. राग नव्हता. फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून आज रविवारची दुपार काढून लिहायला बसलोय. आई मागे टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावतेय. गॅरेजचं दार उघडं आहे आणि इथून गाडीचं पिवळं नाक दिसतंय.

गाडी तुझी आहे हे ठरलंय, ते आता बदलणार नाही. विकायची असेल तर मी अडवणार नाही. पण एक सीझन थांब. का थांब म्हणतोय, ते हे पत्र पूर्ण वाचून मग ठरव.

ही गाडी घरी आली तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. २०११ चा मार्च. ट्रकमधून खोकी उतरली, शाळेचा गणवेश न बदलता तू ती मोजत बसली होतीस. कॅटरहॅम कंपनीची अॅकॅडमी म्हणजे नवशिक्यांच्या शर्यतींची मालिका, आणि तिची अटच अशी की याआधी कधी शर्यतीत न उतरलेल्यांनीच यायचं आणि सगळ्यांनी एकसारख्या गाड्या चालवायच्या. बहुतेक जण गाडी स्वतःच्या हाताने जोडतात, मीही तेच ठरवलं होतं. तोवर मी आयुष्यात सायकलचं पंक्चर आणि स्कूटरचा प्लग याच्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. पुढचा मडगार्ड तू एका हाताने उचललास आणि ओरडलीस, "बाबा, हे तर खेळण्यातलं आहे!"

त्याच उन्हाळ्यात अण्णा आले होते. तुला त्यांची चहा बशीत ओतून पिण्याची सवय आठवते, मला मात्र त्यांचे हात आठवतात. गॅरेजमध्ये नुसता सांगाडा उभा होता, पत्रे लावायचे बाकी होते. अण्णांनी चष्मा लावला आणि एकेका नळीवरून तळवा फिरवत गेले. जिथे दोन नळ्यांमध्ये तिसरी तिरकी मारून कैची केलेली असते तिथे ते थांबायचे. इंजिनाच्या जागेजवळ आले आणि म्हणाले, "हितं जोर येतोय म्हणून दाट केलंय. तिकडं येत नाही, तिकडं मोकळं सोडलंय. डोकं लावलंय कुणीतरी."

तुला माहीत आहे, आपल्या सांगलीकडे जत्रेत बैलांच्या शर्यती असतात आणि त्याला घरातली बैलगाडी चालत नाही, वेगळा छकडा लागतो. अण्णा ते छकडे करायचे. मी लहानपणी भुसा गोळा करत त्यांच्याजवळ बसलेलो असायचो. दांडी रंधून झाली की ते ती दोन बोटांवर तोलायचे, परत ठेवायचे, परत दोन हात रंधा मारायचे. आखापाशी मात्र एक साल काढायचे नाहीत. कुणी घाईत म्हटलं की दादा, आमची बैलं दांडगी आहेत, चालेल थोडं जड, तर अण्णा त्याला छकडाच द्यायचे नाहीत. जिथं जोर येत नाही तिथलं लाकूड जनावरानं का वाहायचं, हे त्यांचं म्हणणं. त्या दिवशी गॅरेजमध्ये मला एकदम कळलं की ही गाडी मला इतकी का आवडली. मी लोखंडी छकडा घेतला होता.

आपल्या गाडीची मूळ गाडी म्हणजे लोटस सेव्हन. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने ती १९५७ साली काढली. सुरुवातीच्या गाड्यांत फोर्डचं ११७२ सीसीचं जुन्या धाटणीचं इंजिन असायचं, ताकद ४० बीएचपीच्या आसपास. त्या ताकदीवर माणसं शर्यती जिंकत होती, कारण गाडीत नळ्या, पत्रा, चाकं आणि चालवणारा याशिवाय फारसं काही नव्हतंच. १९७३ मध्ये लोटसने ती गाडी सोडली आणि तिचे हक्क कॅटरहॅमकडे गेले. तेव्हापासून तीच गाडी आजपर्यंत बनते आहे. आपल्या गाडीचं वजन साडेपाचशे किलोच्या आसपास भरतं. मी पुण्यात चालवायला शिकलो ती मारुती ८०० सुद्धा हिच्यापेक्षा जड होती. आणि हिच्यात १२५ बीएचपी आहेत.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. ४२०आरमध्ये २१० बीएचपी मिळतात. वजन जवळपास तेवढंच. सरळ रस्त्यावर ती आपल्या गाडीला कुठल्या कुठे सोडून जाईल, यात वादच नाही. मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

आपल्या गाडीत तू एखाद्या वळणात चुकीच्या रेषेवर शिरलीस, ब्रेक उशिरा सोडलास, किंवा बाहेर पडताना स्टेअरिंग सरळ करायला वेळ लावलास, तर त्याची किंमत पुढच्या सरळ रस्त्यावर शेवटपर्यंत मोजावी लागते. इंजिन तुला वाचवत नाही. लॅपच्या वेळेत ती चूक चार-पाच दशांश सेकंदांनी डोळ्यांसमोर लिहिलेली दिसते. २१० बीएचपीच्या गाडीत तीच चूक केलीस की पाय दाबायचा, गाडी सुसाट निघते आणि वाटतं, जमलं की! वर्षभर असं जमत राहतं. मग एक दिवस पाऊस पडतो. मी पॅडॉकमध्ये, म्हणजे सर्किटवर गाड्या उभ्या करतात तिथे, अशी माणसं पाहिली आहेत, चांगली, प्रेमळ माणसं, ज्यांनी दर हिवाळ्यात ताकद वाढवली आणि वळणात मात्र पहिल्या वर्षी होते तिथेच राहिले. अॅकॅडमीत सगळ्यांची इंजिनं सारखी आणि सील केलेली असतात, त्यामुळे पुढचा माणूस पुढे का आहे याला एकच उत्तर उरतं. ते उत्तर पहिल्या वर्षी फार बोचतं. ते बोचून घे, मुक्ता. मला त्यातूनच सगळं मिळालं.

आणि एक हिशेब बघ. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १०० मैलांऐवजी १२० ने वळणाशी पोचलीस तर गाडीत ४४ टक्के जास्त ऊर्जा असते, आणि ती उष्णता म्हणून ब्रेकना गिळावी लागते. हलकी गाडी ब्रेकवर दया करते, टायरवर करते, खिशावरही करते. माझे पॅड एका सीझनला सहज पुरायचे. शेजारच्या खोपटात जड सलून गाडी आणणारे एक गृहस्थ होते, ते दुपारच्या जेवणापर्यंत डिस्कमधून धूर काढत बसलेले असायचे.

आता एक गोष्ट सांगतो जी तुला आजवर सांगितली नव्हती. आईला माहीत आहे.

२०१३ च्या सप्टेंबरमध्ये ब्रँड्स हॅचच्या सर्किटवरून आलो तेव्हा मी म्हटलं होतं की गाडी जराशी खडीत गेली. रात्री गॅरेजमध्ये तू बॅटरी धरली होतीस आणि मी सीटच्या खालून, पॅडलच्या मागून, बेल्टच्या कप्प्यातून खडे वेचत होतो. तू मोजत होतीस. एकशे चौदा झाले तेव्हा आईने झोपायला हाक मारली.

जे घडलं ते असं. तिथलं पहिलंच वळण पॅडॉक हिल. उजवीकडे वळतं आणि वळता वळता जमीन पायाखालून निघून जाते. शिरताना पलीकडचं काही दिसत नाही, मग एकदम उतार, खाली गाडी जमिनीत दाबली जाते आणि लगेच पुढच्या ड्रुइड्स वळणाचा चढ लागतो. सकाळपासून मला ते वळण चांगलं जमत होतं. चौथ्या लॅपला मागे एक गाडी लागली होती, मी नेहमीपेक्षा थोडा जास्त वेगाने शिरलो, आणि अर्ध्या उतारावर मनात आलं, जास्त झालं का? बस्स, तेवढंच. मी अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला.

उतारावर, वळणाच्या मध्यात पाय उचलला की बरंच वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागची चाकं हलकी होतात. मागचा भाग बाहेर निघाला. मी स्टेअरिंग उलटं मारलं, पण उशीर झाला होता. मला आकाश दिसलं, मग मी जिथून आलो तो रस्ता दिसला, आणि त्या रस्त्यावरून माझ्याकडे येणारी ती मागची गाडी दिसली. तिच्या चालकाचं हेल्मेट मला आजही दिसतं, निळं, वर पांढरा पट्टा. तो हातभर अंतराने गेला. मी खडीत मागच्या बाजूने शिरलो, इंजिन बंद पडलं, आणि शांतता. मांडीवर खडे होते. मार्शल पिवळे झेंडे हलवत होते. माझे हात इतके कापत होते की बेल्टचं बक्कल सुटेना.

गाडीला फार काही झालं नव्हतं. मी तुला सांगितलं नाही कारण तेव्हा तू माझ्याबरोबर यायला लागली होतीस, स्टॉपवॉच घेऊन भिंतीपाशी उभी राहायचीस, आणि तुझ्या डोळ्यांत भीती यावी असं मला वाटत नव्हतं. आज वाटतं, सांगायला हवं होतं.

चूक वेगाची नव्हती, हे मला नंतर एका प्रशिक्षकाने शेजारी बसून दाखवलं. त्या वेगाने ती गाडी सहज निघाली असती. मी निर्णय चुकीच्या जागी बदलला. शंका असेल तर ती टेकाडाच्या अलीकडे, गाडी सरळ असताना, ब्रेकने मिटवायची. एकदा शिरलं की पायाने धडधड दाखवायची नाही, थोडा दाब कायम ठेवायचा आणि गाडीला तिचं काम करू द्यायचं. आणि तरीही फिरलीच, तर दोन्ही पाय खाली, क्लच आणि ब्रेक एकदम, म्हणजे ती कुठे थांबणार आहे हे मागच्याला ओळखता येतं.

तू ब्रिस्टलला राहतेस, तेव्हा कॅसल कूमचं सर्किट हेच तुझं घरचं मैदान होणार. तिथे एव्हन राइजचा उंचवटा ओलांडल्या ओलांडल्या क्वारीच्या वळणासाठी ब्रेक मारावा लागतो, गाडी नीट बसलेली नसताना. तिथे मला पॅडॉक हिलची आठवण येते. पहिल्या दिवशी त्या उंचवट्याच्या बरंच अलीकडे ब्रेक मार. लोक पुढे जातील. जाऊ देत. ट्रॅक डेला, म्हणजे शर्यत नसताना सर्किटवर गाडी चालवायच्या दिवशी, ओव्हरटेक पुढच्याने इशारा दिल्यावरच करतात, तेव्हा इशारा द्यायची लाज बाळगू नकोस.

बाकीचं भराभर सांगतो. रस्त्याचा विमा सर्किटवर साधारणपणे चालत नाही, वेगळा घ्यावा लागतो, तो घे. हेल्मेट जुनं वापरू नकोस, नवीन घे, मानेला धरून ठेवणारं हॅन्स मात्र तपासून माझं वापरलंस तरी चालेल. शर्यतीच्या परवान्याच्या परीक्षेत झेंडे पाठ हवेत. काळ्यावर नारिंगी ठिपका म्हणजे तुझ्याच गाडीत बिघाड आहे, आत ये. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढे रस्ता निसरडा. नवशिक्याची पिवळ्यावर काळी फुली मागे लावावी लागेल, ती मी जपून ठेवली आहे, ड्रॉवरमध्ये आहे. टायरमध्ये हवा थंड असताना १८ पीएसआय भर आणि बाहेर आल्याबरोबर गरम असतानाचा आकडा वहीत लिही. माझी निळी वही गाडीतच ठेवतोय. त्यात प्रत्येक सर्किटचं पान आहे, पॅडॉक हिलचंही.

जे पैसे तू कर्जाने आणणार होतीस त्यातले थोडे चांगल्या प्रशिक्षकावर घाल. दोन दिवस पुरेत. उरलेल्यात टायरचा एक संच येईल. सीझनच्या शेवटी तुझी आणि ह्या गाडीची वेळ माझ्या वहीतल्या वेळेच्या खाली गेली आणि तरीही तुला ४२०आर हवीशी वाटली, तर आपण दोघं मिळून गिऱ्हाईक शोधू. मी मनापासून येईन.

अण्णा गेले त्या वर्षी मी एकदाही गाडी काढली नाही, फक्त महिन्यातून एकदा सुरू करून ठेवायचो. तू तेव्हा विचारलं होतंस की विकून का टाकत नाही. त्यांचा हात फिरला होता त्या नळ्यांवरून, म्हणून.

पुढच्या शनिवारी मी आणि आई येतोय. येताना गाडी मीच चालवत आणीन, आई मागून आपल्या गाडीतून येईल. ब्रेकचं ऑईल बदलायचं आहे, वर्ष झालं. आठवतं ना, तू उशीवर बसून पॅडल दाबायचीस आणि मी खालून ओरडायचो, "दाब… धर… सोड"? पाय पुरत नव्हता म्हणून उशी. तीन चाकांची एअर काढून होईपर्यंत तुझी पोटरी दुखायची, पण तू चौथं केल्याशिवाय उठायची नाहीस. या वेळी पॅडलवर मी बसतो. पाना तू धर, आणि सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात कर.

येताना आई चकल्या करून आणणार आहे.

तुझा,
बाबा