साठीनंतरच्या आजारांचा हिशेबही समितीने मांडावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोळशावर चालणाऱ्या वीज प्रकल्पांनी चिमणीतला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा बसवावी, यासाठीचे निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने बहुतेक प्रकल्पांना त्यातून सूटच देऊन टाकली. आधीच प्रदूषित ठरलेल्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आतले प्रकल्प मात्र ‘ब’ वर्गात ठेवले आहेत. त्यांचा निर्णय तज्ज्ञ समिती एकेक प्रकल्प तपासून घेणार आहे. चंद्रपूर अशाच शहरांपैकी एक. ही समिती यंत्रणेचा खर्च आणि विजेचा दर मोजेल. आमच्याकडे साठीनंतर माणसे कशाने खचतात, तेही तिने मोजावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी जीवशास्त्र शिकवत आले, म्हणून पेशीपासून सुरुवात करते. मिलिमीटरचे चारशे भाग केले तर त्यातला एक भाग अडीच मायक्रॉनचा. एवढ्या किंवा याहून लहान कणांना पीएम २.५ म्हणतात. जाड धूळ नाकात आणि घशात बरीचशी अडते. हे कण थेट वायुकोशांत पोचतात, त्यातले अगदी बारीक रक्तातही उतरतात. फुप्फुसातल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण सगळेच त्यांना पचत नाहीत. कणांना चिकटून आलेले लोह, तांबे यांसारखे धातू आणि ज्वलनातली रसायने यांमुळे पेशीत मुक्त मूलके, म्हणजे शेजारच्या रेणूंवर तुटून पडणारे अस्थिर कण, तयार होतात. ती पेशीपटल, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका आणि डीएनए या सर्वांना इजा करतात. इजा झालेली तंतुकणिका स्वतःच आणखी मूलके सोडू लागते, आणि ते चक्र थांबत नाही. अशी इजा साचत गेली की काही पेशींचे विभाजन बंद पडते. त्या मरत नाहीत, पण भोवताली दाह पसरवणारी प्रथिने सोडत राहतात. वय वाढताना शरीरात हेच हळूहळू घडत असते. दूषित हवेत ते लवकर आणि जास्त घडण्याची शक्यता असते. हृदयविकार, पक्षाघात, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार), टाइप २ मधुमेह या उतारवयातल्या आजारांशी पीएम २.५ चा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतो, त्यामागे हे कारण मोठे आहे.

लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलेले काम मला फार महत्त्वाचे वाटते. कधीही सिगारेट न ओढलेल्यांना होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा त्यांनी शोध घेतला. वयाबरोबर आपल्या निरोगी फुप्फुसातही काही पेशींमध्ये घातक बदल साचतात आणि वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात. बारीक कणांमुळे होणारा दाह त्या पेशींना जागे करतो. राखेखालच्या निखाऱ्यावर फुंकर पडावी तसा. ज्याचे वय जास्त, त्याच्यात असे निखारेही जास्त.

मेंदूच्या बाबतीत पुरावा अजून जमतो आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने स्मृतिभ्रंशावर नेमलेल्या आयोगाने २०२० मध्ये हवेच्या प्रदूषणाला टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत घेतले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या वृद्ध स्त्रियांच्या अभ्यासात, जिथली हवा सुधारली तिथे स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. उतारवयातही हवा सुधारून उपयोग होऊ शकतो, ही आम्हा ज्येष्ठांसाठी केवढी मोठी गोष्ट आहे!

सूट देताना सरकारचे म्हणणे होते की बहुतेक शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आहे. पण हा वायू हवेत वायू म्हणून राहत नाही. त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, ते दूरवर जातात आणि त्यांची मोजणी पीएम २.५ मध्ये होते. नुसता वायू मोजून निर्धास्त होणे म्हणजे अर्धाच हिशेब पाहणे. चंद्रपूरचा प्रकल्प २९२० मेगावॉटचा, सरकारी महानिर्मिती कंपनीचा सर्वांत मोठा. शिवाय भोवती कोळशाच्या खाणी आणि घुग्घूसपर्यंतचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातली औद्योगिक क्षेत्रे तपासली तेव्हा ८३.८८ गुणांसह चंद्रपूर सर्वाधिक प्रदूषितांत चौथे होते. त्या वेळी नोकरीत असलेली कितीतरी माणसे आज सत्तरीत आहेत. दम लागला, विसर पडू लागला की घरचेही म्हणतात, वय झाले. इतकी वर्षे कुठल्या हवेत राहिलात, हे कुणीच विचारत नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही शहरांची प्रगती पीएम १० वर, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या धुळीवर, मोजली जाते. त्यामुळे निधी रस्ते झाडण्या-धुण्याकडे वळतो आणि चिमणी तशीच राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपली २००९ पासून ४० आहे.

माझी मागणी अशी : ‘ब’ वर्गाचा निर्णय घेण्यापूर्वी समितीने चंद्रपुरातल्या पीएम २.५ मधले सल्फेटचे प्रमाण तपासून जाहीर करावे. जिल्ह्यातल्या रुग्णालयांत साठीपुढच्या रुग्णांची हृदयविकार, पक्षाघात, श्वसनविकार व स्मृतिभ्रंशाची नोंद, नावे वगळून, त्या त्या दिवसाच्या हवेच्या आकड्यांसोबत प्रसिद्ध व्हावी. आणि समितीची सुनावणी दिल्लीत न होता चंद्रपुरात, मराठीत व्हावी, म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघांनाही तिथे बोलता येईल.

– एक निवृत्त शिक्षिका, चंद्रपूर