रविवारी बागेत फुलपाखरांची ओळख

नमस्कार मंडळी,
येत्या रविवारी सकाळी ८.३० वाजता गंगापूर रोडला आपल्या सोसायटीच्या मागच्या बागेत जमायचं आहे. त्याआधी येऊन उपयोग नाही, ऊन अंगावर घेतल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत.

• आजपासून कुठलीही फवारणी नको, कुंड्यांवरही.
• लिंबू-कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर झटकू नका. ती अळी असते! (गेल्या वर्षी मीच पाइपने धुऊन टाकली होती.) राज्य फुलपाखरू नीलवंतसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं.
• कुंपणाजवळची रुई तोडू नका. बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी तिच्या पानांवर वाढते.
• पानफुटीचं एखादं पान, सदाफुलीचं रोप असेल तर आणा.
• लहान मुलांना जरूर आणा, जाळी मात्र नको.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं, चहा त्या हिशेबाने सांगता येईल.