ढोरकी मामाजींचे जाहीर आभार

आदरणीय मामाजी,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही रोज सकाळी आखरावर, गावची गुरं गोळा होतात तिथं, भेटता, तरी पत्र लिहिते आहे. तोंडावर आभार मानले की तुम्ही "जाऊ दे ना सूनबाई" म्हणता, काठी उचलता आणि गुरांमागं चालू लागता. म्हणून लिहून ठेवते, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते. तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवील. त्याला सांगा, मधलं काही गाळायचं नाही, तुमच्या सुपारी-तंबाखूच्या खर्र्याचंसुद्धा वाचायचं.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं, झाडीपट्टीतलं. धानाच्या बांध्या म्हणजे शेतं, एक मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव), तलावाच्या पाळीपलीकडं झुडपी जंगल आणि त्यापुढं वाघाचं जंगल. मामाजी ढोरकी, म्हणजे गावची गुरं राखतात. त्यांच्या बापानंही हेच केलं. सासऱ्यांच्या वयाचे आहेत, म्हणून मी त्यांना मामाजी म्हणते. जनावरामागं महिन्याचे ठरलेले पैसे आणि सुगीला थोडं धान, एवढ्यावर ते ऊनपाऊस अंगावर घेतात.

धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की गुरं तिथं सोडतात. त्या दिवसांत रविवारी आमची दोन्ही पोट्टी तुमच्या मागं निघाली. धाकट्याला मोबाइल सोडवत नव्हता आणि थोरलीला घरात बसून कंटाळा आला होता, एवढंच निमित्त. तुम्ही नाही म्हणू शकला असता. गुरं सांभाळायची की दुसऱ्याची लेकरं? पण तुम्ही अटी घातल्या. पाळीच्या पुढं जायचं नाही. एकट्यानं झुडपाआड बसायचं नाही. खाली वाकून काही वेचत असलो तर दुसऱ्यानं उभं राहून चौफेर पाहायचं. तोंड बंद ठेवायचं नाही, बोलत राहायचं. दिवस कलायच्या आत घरी. आमच्या भागात मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत वाघानं माणसं मारली, त्यातली कितीतरी वाकून वेचत होती. तुम्ही लेकरांना भीती घातली नाही, सवय लावली. शहरातले पाहुणे ताडोब्याला जिप्सीत बसून येतात आणि "निसर्गाच्या कुशीत" म्हणून फोटो टाकतात. आमच्याकडं त्या कुशीत पाय ठेवताना आधी चारही बाजूंना बघावं लागतं. हे लेकरांना पुस्तकातून कळलं नसतं.

आता मूळ गोष्टीवर येते.

खेड्यातल्या माणसाला वाटतं, प्रदूषण म्हणजे चंद्रपूर. तिथलं २९२० मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र, कोळशाच्या खाणी, काळी धूळ. आपण शेणामातीतली माणसं, आपल्या घरून काय घाण होणार? सासरी आले तेव्हापासून हेच ऐकते आहे. पूर्वी ते खरंही असेल. खताच्या खड्ड्यात जे पडायचं ते सगळं कुजायचं: शेण, राख, तणस, भाजीचे देठ, पळसाच्या पत्रावळी. उन्हाळ्यात तोच खड्डा उपसून बंडीनं बांधीत न्यायचा. खड्डा आजही तोच आहे, बांधीही तीच आहे. पण मे महिन्यात खत पांगवलेल्या बांधीच्या धुऱ्यावर उभं राहून पाहा. अख्खी बांधी चमकते. शाम्पूच्या पुड्या, कुरकुऱ्यांच्या पुड्या, मसाल्याच्या, साबणाच्या. नांगर फिरला की त्या खाली जातात, चिखलणीत वर येतात, रोवणीच्या वेळी बायांच्या बोटांना लागतात. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर काही एकवापरी वस्तू बंद झाल्या. चमचे, पेले, स्ट्रॉ त्या यादीत आहेत. शाम्पूची पुडी नाही.

हे सगळं डोळ्यांपुढं होतं, पण ते आपल्या घरचं आहे असं कोणी म्हणत नव्हतं. तुम्ही म्हणालात. एका संध्याकाळी गुरं घरोघरी गेल्यावर तुम्ही आमच्या ओसरीवर आलात, हातात वाळलेल्या शेणाचा पो. पायरीवर ठेवून काठीच्या टोकानं तो फोडलात. आत निळ्या पन्नीची, प्लास्टिकच्या पिशवीची, वीतभर पट्टी निघाली, पीळ पडलेली, तंतूंत गुंतलेली. एका कडेला छापलेली अक्षरं अजून वाचता येत होती. तुम्ही आवाज चढवला नाही. "हे बाहेर आलं म्हणून दिसलं, सूनबाई," म्हणालात. "जे आत राह्यलं ते कोन पाह्यते?"

पन्नी गाईच्या पोटाच्या पहिल्याच मोठ्या कप्प्यात अडकते. ती कुजत नाही, पुढं सरकत नाही. गोळा वाढत जातो, गाय रवंथ सोडते, पोट फुगतं, दूध आटतं. पुष्कळदा मालकाला वाटतं, काही बाधलं. गाय पन्नी मुळात खाते कशाला, हे थोरलीनं तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत: खाते ती सालं आणि उष्टं, बायाच त्याला गाठ मारून फेकतात. गाईला गाठ सोडता येत नाही. एवढ्याशा वाक्यानं आमच्या स्वयंपाकघराची रीत बदलली. सालं आता उघडी टोपलीत जातात आणि थेट गव्हाणीत. पन्नीत बांधून काहीही दाराबाहेर जात नाही.

तुमच्यामुळं आम्ही घरचा हिशेब मांडायला लागलो. पैशाचा नाही, दाराबाहेर काय जातं त्याचा. थोरलीनं वहीच केली. तिला विज्ञानाची गोडी आहे, त्यामुळं हिशेब भलतीकडेही गेला. गाय रवंथ करते तेव्हा ढेकरातून मिथेन सोडते आणि धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्याखालच्या चिखलातूनही तोच वायू निघतो, हे तिनं कुठंतरी वाचलं आणि तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही क्षणभर गाईकडं पाहिलंत आणि म्हणालात, "मंग मानसं का अत्तर सोडतेत?" ती हसून लोळली. पण तिचं खोटं नाही, आणि मला विचाराल तर तुमचंही नाही. चार गाई आणि तीन एकर धान असलेल्या घरानं त्या वायूची लाज वाटून घ्यावी, असं मला वाटत नाही. पुडीची वाटावी.

काही गोष्टी पटकन सुटल्या. आठवडी बाजारात पिशवी घेऊन जायचं, तिखट-हळद गिरणीत दळून आणायची, शाम्पूची मोठी बाटली घ्यायची. बाटली भंगारवाला घेतो, पुडीला तो हात लावत नाही. चूल पेटवायला पन्नीचा तुकडा सरकवायची पद्धत गावात घरोघरी आहे, लवकर धरतं म्हणून. पण तो धूर आधी चुलीपुढच्या बाईच्या छातीत जातो. आमच्याकडं आता तुराट्या आणि वाळलेली गोवरी असते. पावसाळ्यात सासूबाई कुरकुरतात, तेवढं चालायचंच.

काही सुटल्या नाहीत आणि सुटणारही नाहीत. मे महिन्यात शेजारच्या ब्रह्मपुरीचं नाव टीव्हीवर तापमानाच्या यादीत वर येतं, तेव्हा कूलर बंद करा म्हणणारा माणूस या भागातला नसतो. सिलिंडरबद्दल तर मी कोणाचं ऐकून घेणार नाही. गॅस जाळूनही हवेत काही जातं, मान्य. पण मोळीसाठी जंगलात शिरणारी बाई संध्याकाळी घरी येईल की नाही याचा घोर ज्या घरानं पाहिलाय, त्याला सिलिंडरचं मोल ठाऊक आहे.

तुमच्याकडून शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र गिधाडांची. आमची म्हातारी कपिला गेली तेव्हा तुम्ही आधी एकच विचारलंत: "सुई कोनती मारली?" आम्हाला कळेना, मेलेल्या गाईच्या सुईची चौकशी आता काहून. मग तुम्ही सांगितलंत, की तुमच्या तरुणपणी ढोरफोडीवर, मेलेली गुरं टाकतात तिथं, जनावर पडलं की दुपारपर्यंत नुसता सांगाडा उरायचा. आकाश भरून गिधाडं उतरायची. आता तिथं कावळे आणि कुत्री. दुखण्या-सुजेवर गुरांना डायक्लोफेनॅकची सुई सर्रास द्यायचे. असं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याचे मूत्रपिंड निकामी होतात आणि ते मरतं. देशभरात लाखोंनी गिधाडं अशी गेली. २००६ साली गुरांसाठी हे औषध बंद झालं. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांकडं वळत राहिल्या, म्हणून २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची मात्राही तीन मिलीच्या एकाच डोसापुरती करावी लागली. एसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन या तसल्याच औषधांवरही २०२३ साली गुरांसाठी बंदी आली. हे सगळं तुम्हाला वनखात्याच्या माणसांनी सांगितलं होतं आणि तुम्ही ध्यानात ठेवलं होतं. कपिलेला डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम दिलं होतं, चिठ्ठी घरात होती. ते गिधाडांना बाधत नाही. चिठ्ठी तुमच्या नातवानं वाचली, तेव्हा कुठं तुम्ही तिला ढोरफोडीवर न्यायला हो म्हणालात. त्या दिवशी गिधाड आलं नाही, कुत्रीच आली. तरी तुम्ही विचारलंत, याचं मला अजून नवल वाटतं. जे पाखरू या आकाशात उरलेलं नाही, त्याच्यासाठी तुम्ही चिठ्ठी वाचायला लावलीत. गडचिरोलीत वनखात्यानं गिधाडांना खायला मेलेली जनावरं टाकण्यासाठी खास जागा केल्या आहेत, हे थोरलीनं शोधून काढलं. ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही फक्त "दूर नाही" म्हणालात.

आपल्याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या आणि त्यांतून एचएमटी धान उभं केलं. शिक्षण तिसरीपर्यंत. ते आठवतं, कारण त्यांनी जे केलं ते रोज त्याच बांधीत जाऊन, डोळे उघडे ठेवून. तुमचंही तसंच आहे. तलावात बेशरमाची झुडपं किती सरकली, पाळीवर रायमुनियाची (घाणेरीची) झुडपं कुठं माजली आणि त्यामुळं कुठला चारा गेला, कुठल्या वारुळाशी सात्या (रानातल्या अळंब्या) येतात, हे तुम्ही कुठं लिहून ठेवलेलं नाही. आता आमच्या थोरलीच्या वहीत त्यातलं थोडं आहे. धाकट्याची वही नाही, पण टेंभरं (तेंदूची फळं) पिकलेली कशी ओळखायची आणि अडई बदक पाण्यावरून उठताना कशी शीळ घालते ते त्याला येतं. मोबाइल अजूनही मागतो. रविवारी मागत नाही.

झुडपी जंगलाबद्दल एक. पाळीपलीकडची ती जमीन पडीक आहे, तिचं काहीतरी करा, असं गावात काही जण म्हणतात. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वनच आहे असं सांगितलं. पडीक म्हणणाऱ्यांनी एक दिवस तुमच्या गुरांमागं चालून पाहावं.

आता खर्रा. मामाजी, आभार मानायच्या पत्रात हे शोभत नाही, पण तुम्ही ज्या पन्नीवर खर्रा घोटून घेता ती पन्नी जाते कुठं? धाकट्यानं मला विचारलं, मी उत्तर दिलं नाही. खर्रा सोडा असं सांगायची माझी टाप नाही, तुमच्या घरच्यांनी सांगून झालंय. निदान ती पन्नी खिशात घालून घरी आणा. माझ्याकडं वेगळी पिशवी टांगलेली आहे, तिच्यात टाका.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही काही बाया मिळून दोन विषय मांडणार आहोत. एक, आखराजवळ पन्नी गोळा करायला जाळीचा पिंजरा, आणि तो भरला की पंचायतीनं तालुक्याच्या संकलन केंद्रावर न्यायचा. दुसरा, तुमचे जनावरामागचे पैसे. ते किती वर्षांत वाढले नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. त्या दिवशी गुरं जरा लवकर वळवा आणि सभेला या. मागं भिंतीशी बसायचं नाही, आमच्याजवळ बसायचं. कोणी विचारलंच की गुराख्याचं सभेत काय काम, तर तो शेणाचा पो मी जपून ठेवला आहे. सोबत घेऊन येते.

तुमची,
तलावाकडच्या आळीतली सूनबाई