पिलसुडस्की आणि द्मोव्स्की एका माळेचे मणी नव्हेत

महोदय,

दोन महायुद्धांमधल्या पोलंडविषयी मराठीत लिहिताना स्वतंत्र पोलंडचे पहिले राष्ट्रप्रमुख मार्शल पिलसुडस्की आणि राष्ट्रवादी नेते रोमान द्मोव्स्की यांना सर्रास एकाच 'उजव्या' खात्यात टाकले जाते. प्रत्यक्षात हे दोघे आयुष्यभराचे वैरी. पिलसुडस्कींच्या कल्पनेतल्या पोलंडमध्ये युक्रेनियन, बेलारूसी, ज्यू यांनाही जागा होती. द्मोव्स्कींच्या राष्ट्रीय लोकशाही चळवळीला देश कॅथलिक पोलिश लोकांचाच हवा होता.

या विखाराचे बळी खुद्द राष्ट्राध्यक्ष ठरले. ९ डिसेंबर १९२२ रोजी गाब्रिएल नारुतोविच संसदेतील अल्पसंख्याक सदस्यांच्या मतांमुळे निवडून आले, म्हणून उजव्यांनी त्यांच्याविरुद्ध रान उठवले. १६ डिसेंबरला वॉर्साच्या झाखेंता कलादालनात एका राष्ट्रवादी चित्रकाराने त्यांना गोळ्या घातल्या.

१९२६ मध्ये लष्करी बंड करून सत्तेत आलेल्या पिलसुडस्कींच्या राजवटीने द्मोव्स्कींच्या 'महान पोलंड' संघटनेवर १९३३ मध्ये बंदी घातली. त्यातल्या तरुणांनी एप्रिल १९३४ मध्ये काढलेला अधिक जहाल 'राष्ट्रीय मूलगामी गट' तर तीन महिन्यांतच बेकायदा ठरला. राजवटीने राजकीय विरोधकांसाठी उघडलेल्या बेरेझा कार्तुस्काच्या छावणीत खटल्याविना डांबलेल्या पहिल्या कैद्यांत याच गटाचे लोक होते.

मग गल्लत होते कुठे? १९३५ मध्ये पिलसुडस्की वारले आणि त्यांचे वारसदारच विरोधकांची भाषा बोलू लागले. १९३७ पासून विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांसाठी वेगळे बाक आले. त्यांच्या विद्यार्थी-पुस्तिकेवर तसा शिक्का मारला जाई. अनेक जण निषेध म्हणून संपूर्ण तास उभे राहत. ल्वूव (आजचे युक्रेनमधील ल्विव्ह) विद्यापीठाचे कुलगुरू स्तानिस्वाव कुल्चिन्स्की यांनी या आदेशावर सही करण्याऐवजी राजीनामा दिला. त्यांचे नाव मराठीत कुठेच येत नाही, याचे फार वाईट वाटते.

'ज्यूद्वेष्टे म्हणजे हिटलरचे साथीदार' हे समीकरणही इथे सरळ लागू होत नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये उभी राहिलेली उजव्या राष्ट्रवाद्यांची भूमिगत 'राष्ट्रीय सशस्त्र दले' जर्मनांशी लढली, कम्युनिस्टांशी लढली, आणि त्यांच्या काही तुकड्यांनी लपलेल्या ज्यूंचे जीवही घेतले. त्यांतलीच श्विएन्तोक्शिस्का ब्रिगेड जानेवारी १९४५ मध्ये जर्मनांच्या संमतीने पश्चिमेकडे सरकली आणि मे महिन्यात तिनेच चेक भूमीवरील होलिशोव्हच्या नाझी छावणीतल्या स्त्रियांची सुटका केली. यांतली एकच बाजू उचलून लिहिणे ही वाचकांची फसवणूक आहे.

– एक वाचक, पुणे